भोंग्याचं खाणं बदललं तो हिवाळा

वालाच्या शेंगा बाजारात आल्या. काल भाजीला गेले तर कोपऱ्यावर गडब गावच्या बाया पाट्या मांडून बसल्या होत्या. पाट्यांमध्ये हिरव्यागार टपोऱ्या शेंगा आणि शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. भांबुर्डा म्हणजे शेताच्या बांधावरचा रानटी पाला, एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण थंडी पडली की आमच्याकडे जो तो पोपटी लावायच्या मागे लागतो, मडक्यात शेंगांच्या खाली-वर हा पाला लागतो, आणि मग त्याचा तो उग्र, ओव्याच्या जवळ जाणारा वास पेणच्या बाजारभर फिरत राहतो. एक बाई म्हणाली, "घे गो काकी, कवल्या हायेत." मी म्हटलं, "उद्या घेते." ती हसली. मागच्या थंडीतही मी हेच म्हणाले होते, हे बहुतेक तिच्या लक्षात असावं.

मी शेंगांकडे बघत नव्हते तरी भोंग्या बघत होता. भोंग्या म्हणजे माझा कुत्रा. जात विचाराल तर गावठी, रंग गुळासारखा, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. अंगाने असा भरलाय की समोरून येणारी माणसं आपणहून रस्त्याची दुसरी बाजू धरतात. त्यांना काय माहीत, हा घरात मिक्सर लावला की पलंगाखाली जातो. पाटीत नाक खुपसायला निघाला तेव्हा मी साखळी ओढली आणि नकळत तोंडातून निघालं, "तुझं नाही ते." हे वाक्य माझं नव्हे. हे आमच्या ह्यांचं. पिल्लू असताना भोंग्या कशातही तोंड घालायला गेला की हे असंच म्हणायचे, रागावून नाही, समजावून सांगितल्यासारखं.

लोकांना हा हंगाम आला की शेत, शेकोटी, गप्पा आठवतात. मला स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या दोन पिशव्या आठवतात. एक पिल्लांच्या खाण्याची, एक मोठ्या कुत्र्यांच्या खाण्याची. त्या हिवाळ्यात आमच्या घरात काय घडलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच आहे, की एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जाणं घडलं. बाकी जे झालं ते त्याच्या आजूबाजूला झालं.

हे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. पेणहून रोज जाऊन-येऊन नोकरी केली, कधी गाडीने, कधी एसटीने, तिन्ही शिफ्टमध्ये. निवृत्त झाले आणि घरात असे फिरायला लागले, जसं कोणी ह्यांना चुकीच्या डिपार्टमेंटला पाठवलंय. सकाळी उठून डबा शोधायचे. माझ्या फोडण्यांवर लक्ष ठेवायचे, गॅस मोठा आहे म्हणून सांगायचे. आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं दुःख जेवढं करायचं तेवढं तरुणपणी करून झालं होतं, त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि दोघांतला एक दिवसभर रिकामा. मी वैतागून एकदा म्हटलं, "अहो, जरा कुठे फिरून तरी या." तर हे कोलाडपर्यंत फिरून आले आणि येताना जेवणाच्या डब्याच्या जुन्या पिशवीत एक पिल्लू घेऊन आले. तिथल्या एका खानावळीच्या मागे कुत्री व्यायली होती. एसटीत कंडक्टर सारखा विचारत होता म्हणे, पिशवीत काय वाजतंय.

घरी आल्या आल्या त्या मूठभर जिवाने असा गळा काढला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. ह्यांचा चेहरा मात्र उजळला. "अगो, हा तर कंपनीचा भोंगा!" म्हणाले. बारसं तिथेच झालं.

मला कुत्र्यांची आवड नव्हती, आणि भीतीही नव्हती. त्याने त्याच्या वाटेने जावं, मी माझ्या. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं की त्याचं सगळं तुम्ही करायचं, मी हात लावणार नाही. ह्यांना हेच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं, टोचून आणलं, आणि पिल्लांच्या खाण्याची पिशवी आणली. वर गुबगुबीत कुत्र्याचं चित्र. आत बारीक गोल दाणे, सुकटीसारखा वास, पण सुकटीचा प्रामाणिकपणा त्यात नाही. दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यायचे होते. मग रोज सकाळ-संध्याकाळ हाक यायची, "अगो, कोमट पानी दे. कोमट हां, कढत नको." पाण्यात बोट बुडवून बघायचे. मी म्हणायचे, "माझ्या चहात कधी बोट बुडवून बघितलं नाहीत." हे म्हणायचे, "तुझी जीभ पोलत नाय, पोलवते." आणि दोघंही हसायचो. दाणे फुगले की हाताने कालवायचे, उकिडवे बसायचे, वाटी पुढे सरकवून म्हणायचे, "घे." तो 'घे' ऐकल्याशिवाय भोंग्या वाटीला तोंड लावत नसे. आधी ह्यांच्या तोंडाकडे बघायचा, मग वाटीकडे.

रोह्याच्या आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आल्या की दारातच चप्पल काढता काढता नाक मुरडायच्या. "काय वसंता, बहिनीला कधी बसायला पाट देलास नाय, आनि याला बोट बुडवून पानी?" हे हसून म्हणायचे, "आक्का, तू भोंग्यावानी गप बसतंस का कधी?" वन्संना मनापासून राग होता की लटका, मला त्या वेळी कधीच कळलं नाही.

भोंग्या वर्षाचा होत आला तेव्हा थंडी नुकतीच पडत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हा मोठा झाला, काका. पिल्लांचं खाणं फार ताकदीचं असतं, ते आता याच्या अंगावर नुसतं चढेल. मोठ्या कुत्र्यांचं चालू करा. पण एकदम नको. जुन्यात थोडं नवं मिसळा. पोट चांगलं राहिलं तर नवं वाढवा, जुनं कमी करा. बिघडलं तर पुन्हा थोडं मागे या." हे तिथून असे परत आले, की जणू ह्यांना पुन्हा कामावर घेतलंय. मला समोर बसवून समजावलं. "अगो, आमच्या रिअॅक्टरचं पन हेच. एकदम ओतलंस ना, की भडकतो. थोडं सोडायचं, थांबायचं, टेंपरेचर बघायचं. बसलं की मग पुढचं सोडायचं. घाई केली की बॅच गेली." मी विचारलं, "म्हणजे आता हा कुत्रा रिअॅक्टर?" म्हणाले, "सगलेच असतात."

नवीन दाणे मोठे होते, चपटे, कडक, ते भिजवायचे नव्हते. हे आधी जुने दाणे भिजवायचे आणि वर नवे चार-दोन पेरायचे. भोंग्या तेवढे बाजूला काढून वाटीच्या कडेला मांडून ठेवायचा, इतके नीट की मी तांदूळ निवडताना खडे काढते तसे. हे चिडत नसत. ते दाणे उचलून हाताच्या तळव्यावर घ्यायचे, "घे" म्हणायचे, आणि तो मग उपकार केल्यासारखा चावायचा. "बघ," हे मला म्हणायचे, "घेतला."

ह्याच दिवसांत आम्ही गडबला पोपटीला गेलो. ह्यांचा कंपनीतला मित्र तिथला, भाताचं शेत कापून झालेलं, त्यात वाल लावलेला. दिवस कलताना मडकं भरलं. तळाशी पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, वर पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती पेंढा आणि लाकडं रचून जाळ केला. पाण्याचा थेंब घालायचा नाही, पाल्याच्याच ओलाव्यावर सगळं शिजतं. उघडल्यावर जी वाफ निघते तिच्यासाठी आम्ही दोघं दर वर्षी जायचो. ह्यांनी अंड्याचा घास घेतला आणि थांबले. छातीवर हात ठेवला. पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. मित्र म्हणाला, "सावकास वसंता, कोन पलवून नेत नाय." आम्ही सगळे हसलो, हेही हसले. नंतर ह्यांनी फक्त शेंगा सोलून त्यातले मऊ दाणे खाल्ले. भोंग्या जवळ बसून कोंबडीकडे बघत होता. त्याला म्हणाले, "तुझं नाय ते." आणि मला वाटतं, जरा वेळाने हळूच म्हणाले, "माझं पन नाय."

मग घरीही घास अडायला लागला. भाकरी कालवणात कुस्करून खायला लागले. मग भाकरी नको, भात. मग भात जरा मऊच कर. ज्या माणसाने जन्मात सुक्या बोंबलाचा कंटाळा केला नाही, तो म्हणाला कंटाळा आलाय. पनवेलला नेलं, तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती फार पसरली होती. डॉक्टरांनी जे सांगितलं ते ह्यांनी ऐकून घेतलं, उठताना खुर्ची नीट आत सरकवून ठेवली, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "भोंग्याचं जेवान राहिलंय. चल लवकर."

परतताना गाडीतून जिते स्टेशन मागे पडलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. माझी पिशवी ह्यांनी आपल्या मांडीवर घेतली, एवढंच.

माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या सकाळी मला अजून सोडत नाहीत. ओट्यावर दोन भांडी. एकात ह्यांची पेज, एकात भोंग्याची वाटी. भोंग्याच्या वाटीत रोज कडक दाणा वाढत होता, ह्यांच्या पेजेतला दाणा रोज कमी होत होता. एक बाळपणातून बाहेर येत होता आणि दुसरा परत त्यातच चालला होता, आणि दोघांचं माप माझ्याच हातात. पुढे पुढे पेज गाळून द्यायला लागले. मग डॉक्टरांनी डब्यातली पावडर दिली, पाण्यात कालवून द्यायची, आणि हे मला पलंगावरून म्हणाले, "कोमट हां, कढत नको." त्या दिवशी मी बोट बुडवून बघितलं. हे बघत होते. कोणीच हसलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट मला तेव्हा फार आठवायची. माझं माहेर कोलाडकडे आत, भात आणि वालाची शेती. ह्यांचं घर खाडीकाठचं, मिठागरावर राबलेलं. माहेरी मी वाल, नाचणी, ताक यांवर वाढले होते. इथे सकाळी सुकट, दुपारी खाडीतली निवटी, संध्याकाळी पुन्हा मासळी, आणि मीठ तर असं सढळ की मी पहिला घास घेतला आणि पाणीच पीत बसले. बाईचं खाणं एका दिवसात बदलतं. तिच्यासाठी कोणी जुन्यात थोडं नवं, असं मिसळत बसत नाही, अक्षता पडल्या की संपलं. पण हे शिफ्टवरून येताना रोह्याच्या बाजारातून कडवे वाल आणायचे. सासूबाईंना म्हणायचे, "मला खावेसे वाटले." ह्यांना वाल मुळीच आवडायचे नाहीत. ताटात माझ्या बाजूला सारून ठेवायचे. हळूहळू मी मासळी कधी खायला लागले ते माझं मलाही कळलं नाही, आणि वालही कधी कमी झाले ते कळलं नाही. त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं, की ह्यांनी हा प्रयोग भोंग्यावर पहिल्यांदा केलेला नव्हता.

ह्यांना आता एकच काळजी लागली होती, आणि ती माझी नव्हती, निदान तोंडाने तरी नव्हती. भोंग्या दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नव्हता. ह्यांना पनवेलला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा शेजारणीने वाटी भरून ठेवली, त्याने बघितलीही नाही. दारात बसून राहिला. हे घरी आले तेव्हा त्याची बरगडी दिसत होती. ह्यांनी कपडेही न बदलता खाली बसून त्याला खाऊ घातलं, आणि मग भिंतीला टेकून बराच वेळ दम घेतला.

"अगो," म्हणाले, "खाना बदलतोय, तसा हात पन बदलूया."

मी म्हटलं, "मी नाही. तुमचा कुत्रा, तुम्ही बघा." मी रागाने म्हणाले नव्हते. मला ते सुरूच करायचं नव्हतं. ते सुरू केलं तर कशाकडे जाणार हे मला कळत होतं.

"माझाच हाय," म्हणाले. "म्हनून तर सांगतो."

मग दोन्ही बदल बरोबर चालले. आधी मी नुसती शेजारी बसायचे. हे कालवायचे, हे 'घे' म्हणायचे. मग कालवायचं मी आणि 'घे' म्हणायचं ह्यांनी. भोंग्या माझ्या हाताचा वास घेऊन मागे सरायचा. मग ह्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, वाटीत. ह्यांचा हात तेव्हा इतका हलका झाला होता, की ओल्या दाण्यांचं वजन जास्त लागत होतं. असा हातावर हात ठेवून आम्ही लग्नाच्या होमाशी बसलो होतो, त्यानंतर एवढ्या वर्षांनी कुत्र्याच्या वाटीशी. भोंग्याने दोन्ही हात चाटले आणि खाल्लं. "टेंपरेचर ठीक हाय," हे म्हणाले.

काही दिवसांनी ह्यांना खाली बसवेना. मग पलंगावरून 'घे' म्हणायचे. मग मी म्हणायचे आणि हे नुसते बघायचे. भोंग्या माझा 'घे' ऐकला की पलंगाकडे बघायचा. ह्यांनी डोळ्यांनी होकार दिला की तोंड घालायचा. कधी त्याचं पोट बिघडलं तर हे म्हणायचे, "घाई झाली. एक पायरी मागं." मग परत ह्यांचा हात, परत जुने दाणे जास्त. मला त्या मागे येण्याचा एवढा आनंद व्हायचा की काय सांगू. मी देवाला कुत्र्याचं पोट बिघडू दे म्हणून नवस बोलायची तेवढी राहिले होते.

वन्सं रोह्याहून आल्या त्या दिवशी मी जमिनीवर बसून भोंग्याला भरवत होते. त्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांचा तोल सुटला. "मानूस पानी गिलत नाय आनि तू कुत्र्याला भरवतंस, वयनी? लाज कशी वाटत नाय गो तुला?" मी उठले नाही. ह्यांनी पलंगावरून हात हलवला, "आक्का, तिला बोलू नको. ते माझं जेवान हाय." वन्संना काही उमजलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, गाळलेल्या पेजेचं पातेलं बघितलं, आणि ओट्याला धरून आवाज न करता रडल्या. मी ऐकलं, पण माझ्या हातात वाटी होती. भोंग्याचं व्हायचं होतं.

मग एका सकाळी हे म्हणाले, "माझी खाट आतल्या खोलीत ने."

मी म्हटलं, "इथे वारा येतो, उजेड आहे."

"तो माझ्याकडं बघतो," म्हणाले. "मी दिसतो तवर बघनारच."

शेजारच्या दोघा माणसांनी खाट उचलून आत नेली. हे स्वतःहून नजरेआड झाले. मी बाहेर बसून वाटी पुढे करायची, 'घे' म्हणायचं, आणि भोंग्या आतल्या दाराकडे बघायचा. दार लोटलेलं असायचं. तो बघायचा, वाट बघायचा, मग हळूच तोंड घालायचा. आतून ह्यांचा आवाज यायचा, आता घोगरा झालेला, "खाल्लं?" मी म्हणायचे, "खाल्लं." हे म्हणायचे, "ऐकू आलं. कुडुम कुडुम." नंतर बोलणंही कमी झालं. मग मीच आत जाऊन सांगायचे की खाल्लं, आणि हे डोळे मिटून ऐकायचे. मी कधी विचारलं नाही, की त्या बंद दारामागे तुम्हाला एकटं कसं वाटतं. विचारलं असतं तर ह्यांनी काहीतरी थट्टाच केली असती. पण कधी कधी मी दार उघडायचे तेव्हा ह्यांची मान दाराकडेच वळलेली असायची.

जुने दाणे आता नावाला उरले होते. चिमूटभर. ते मी कोमट पाण्यात भिजवून वर घालायचे, बाकी सगळं कडक, मोठ्यांचं. मी म्हटलं, "आता काय एवढ्याशासाठी, बंद करूया?" हे म्हणाले, "राहू दे. शेवटचं तेवढंच अवघड असतं." मलाही ते राहायला हवं होतं.

शेंगा वाळायला लागल्या होत्या. गडबच्या मित्राने वाल उपटून खळ्यावर टाकल्याचं सांगायला फोन केला. मी ह्यांच्या कानाशी फोन धरला. हे ऐकत होते. दुपार होती. फोन ठेवून मी पाणी आणायला गेले आणि परत आले तेवढ्यात हे गेले होते. भोंग्या दाराशी बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, "जा बाहेर," आणि तो गेला.

आमच्याकडे माणूस गेला की घरात चूल पेटत नाही. स्मशानातून सगळे परत आले, आंघोळी झाल्या, की सोयऱ्यांकडून जेवण येतं, पिठलं, भाकरी, भात. त्याला कडू घास म्हणतात. घरातल्या प्रत्येकाने तो घ्यायचाच असतो, एक तरी. मन होत नाही म्हणून चालत नाही, पोरासोरांना, म्हाताऱ्यांना, कोणालाच सूट नाही. तो घ्यायचा म्हणजे काय, तर हे झालं आणि तरी आपण जेवणार, एवढं कबूल करायचं.

वन्संनी रोह्याहून डबे आणले होते. त्यांनी मला भिंतीशी बसवलं, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडाशी धरला. घास तोंडात फिरत राहिला. ह्यांना काय होत असेल ते मला त्या क्षणी कळलं, घशाशी भिंत उभी राहते म्हणजे काय. वन्सं म्हणाल्या, "गिल गो बाय. गिल." मी गिळला.

मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, भाच्यावर, शेजाऱ्यांवर, आणि विचारलं, "त्याचं झालं?" कोणाला कळलं नाही. वन्संनी दारात पडलेल्या भोंग्याकडे बोट केलं. "तो घरातला नाय? त्याला पन घ्याय होवा."

मी उठले. पाय आपोआप ओट्याकडे गेले. मांडणीवरच्या दोन्ही पिशव्या काढल्या. जुन्या पिशवीच्या तळाचे चिमूटभर दाणे वाटीत घेतले आणि पाणी ठेवायला गॅसकडे हात केला, तर वन्संनी मनगट धरलं.

"आज नाय पेटवायचा, वयनी."

"कोमट पाणी लागतं," मी म्हटलं. "त्याचं जुनं भिजवायला लागतं."

"कायपन होवो. आज घरात जाल नाय करायचा."

त्या दारापाशी उभ्या राहिल्या. मी ते चिमूटभर दाणे परत पिशवीत टाकले. नुसते कडक दाणे वाटीत घेतले, पहिल्यांदाच सगळे मोठ्यांचे, आणि बाहेर येऊन खाली बसले. सगळे बघत होते. माझा हात वाटीत होता आणि माझ्या हातावर काही नव्हतं.

"घे," मी म्हटलं.

भोंग्या उठून आला. वाटीचा वास घेतला, माझ्या हाताचा घेतला. माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि खाल्लं. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, खाट रिकामी दिसत होती, पण त्याने तिकडे मान वळवली नाही. एकदाही नाही. घरात तेवढाच आवाज येत होता, कुडुम कुडुम. वाटी चाटून साफ केली आणि माझ्या मांडीला टेकून बसला.

ह्यांना हवं होतं तसंच झालं. बॅच नीट उतरली होती. मला एवढं मोठ्याने रडू आलं, की दुपारपासून जे आलं नव्हतं ते सगळं आलं. वन्सं जवळ येऊन बसल्या, माझं डोकं आपल्या छातीशी धरलं. "बघ, खाल्लं गो त्यानं. आता कशाला रडतंस? खाल्लं त्यानं."

त्या एका दिवसापुरता मला तो उपाशी राहायला हवा होता.